जमीन खेड्यातली की शहरातली? साडेनऊ हजारांत मिळालेली उत्तरं

पाचपैकी तीन तारे. ऑफिसचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार येणार आहे आणि गोव्यातलं आमचं म्हापसा शहर एवढंसं आहे. शुक्रवारच्या बाजारात समोरासमोर आलो तर दोघांनाही अवघड. बाजाराजवळ जिना चढून वर त्यांची जागा आहे. जमिनीचे कागद काढून देणं, वाचून देणं आणि अंतर-बिंतर मोजून अहवाल देणं हा त्यांचा धंदा. बार्देश तालुक्यात आता अशी ऑफिसं गल्लोगल्ली झाली आहेत, तेव्हा कुणाला तरी उपयोग होईल.

मी मराठी प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. जमीन बाबांची, वाटे तीन: माझा, धाकट्या बहिणीचा आणि पुण्याच्या भावाचा. भावाला त्याचा वाटा विकायचा होता. फोनवर त्याचं एकच पालुपद, "ताई, शेतजमीन आहे, गावातली आहे, टॅक्स लागत नाही." ही गावातली आहे हे कोण ठरवतं, आणि कशावरून, हे मला कागदावर हवं होतं. भावाच्या बोलण्यावर व्यवहार करायचे दिवस आईबरोबर गेले.

फी साडेनऊ हजार, प्रवास वेगळा, पंधरा दिवसांत अहवाल असं ठरलं. लागले पाच आठवडे. "मध्ये चतुर्थी आली ना, बाई." चतुर्थी आली हे खरं, पण चतुर्थी काही न सांगता येत नाही.

आता चांगलं आधी सांगते. माझं काम ज्याच्याकडे होतं तो मुलगा पंचविशीचा असेल. त्यानं नमुना एक व चौदा, म्हणजे आमचा गोव्यातला सातबारा, माझ्यासमोर ठेवला आणि रकाना रकाना वाचून दाखवला. हा कागद आमच्या घरात पन्नास वर्षं आहे. सत्तरच्या दशकात मोजणी झाली तेव्हापासूनचा. बाबा तो विम्याच्या पावत्यांबरोबर ठेवायचे आणि आम्ही त्यात फक्त बाबांचं नाव शोधायचो. त्यात लागवडीच्या क्षेत्राला सहा रकाने आहेत हे मला या वयात कळलं: जिरायत, बागायत, तरी (म्हणजे भातशेती), खाजन (भरतीच्या पाण्याजवळची, बांध घातलेली), केर, मोरड (वरची, चढावरची). त्याच्या पुढे नापीक क्षेत्र, म्हणजे पोटखराब, त्याचेही दोन वर्ग. आमच्या कागदावर 'तरी'खाली ९ आर २५ चौरस मीटर, 'मोरड'खाली २ आर १०, आणि आंब्याखालचा कातळ पोटखराबीत. ज्या कातळावर बसून मी बाराखडी पाठ केली तो सरकारदरबारी खराब.

मुलगा म्हणाला, "बाई, आधी कागद कुठला निघतो ते बघायचं. एक व चौदा निघाला तर जमीन गावच्या मोजणीतली. सिटी सर्व्हेतली असती तर नमुना ड निघाला असता." म्हणजे महसूल खात्यापुरतं उत्तर मिळालं: गाव. आणि 'तरी' या एका शब्दाचं वजनही त्यानंच सांगितलं. २०२३ मध्ये शेतजमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा आला, त्यामुळे भातशेतीची जमीन आता शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. भावाचं निम्मं गिऱ्हाईक तिथेच गेलं. हे वाचन मला फार आवडलं. नुसतं एवढंच केलं असतं तरी मी चार तारे दिले असते.

अहवालाचं मुख्य पान म्हणजे एक तक्ता. डावीकडे कोण विचारतंय, उजवीकडे त्यांच्या लेखी ही जमीन काय आहे. पंचायत म्हणते गाव. ते सरळ आहे, गोव्यात १९१ पंचायती आहेत आणि आम्ही त्यांतल्या एकीत. यात अर्थ किती ते पर्वरीला जाऊन बघा. राज्याची विधानसभा तिथे, टोलेजंग इमारती तिथे, पण पालिका नाही. सगळा कारभार पंचायतींचा.

दुसऱ्या ओळीत जनगणना म्हणते शहर! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पालिका नसली तरी जनगणनेवाले एखाद्या गावाला स्वतःपुरतं शहर ठरवतात. त्यासाठी तीन कसोट्या: लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. २०११ च्या जनगणनेत आमचा गाव यात बसला. कळंगुटही तसंच, पंचायत असून शहर. २०११ मध्ये गोव्याचे ६२ टक्के लोक शहरी निघाले ते असेच.

तिसरी कसोटी पुन्हा वाचा. पुरुष. फक्त पुरुषांचं काम मोजतात. आमच्या वाड्यावरचे पुरुष कुणी बोटीवर, कुणी म्हापशाच्या दुकानात, कुणी पंचायतीत कारकून. जून-जुलैत चिखलात वाकून लावणी करणाऱ्या म्हणजे माझी वहिनी, तिची जाऊ आणि खालच्या घरातली म्हातारी. गाव शेतीचं आहे की नाही हे ठरवताना लावणी करणाऱ्या बायका हिशेबातच नाहीत. वर्गात हे गणित मांडलं असतं तर चौथीच्या पोरांनी हात वर करून विचारलं असतं, बाई, आमची आई का नाही? यात त्या ऑफिसचा काही दोष नाही, पण राग आला तो इथेच लिहून टाकते.

तिसरी ओळ बँकेची. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात १०,००० च्या आत लोकसंख्या असलेलं केंद्र ग्रामीण, त्यापुढे लाखापर्यंत अर्धशहरी. आमचा गाव सहा हजारांचा. म्हणजे त्याच जनगणनेतला तोच आकडा एका ओळीत आम्हाला शहर करतो आणि पुढच्या ओळीत खेडं. माझी सून बँकेत आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, "आई, आमच्याकडे असंच असतं," आणि फणसाचे गरे काढायला लागली.

चौथी ओळ प्रादेशिक आराखडा २०२१ ची, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे रंगवून ठरवणाऱ्या सरकारी नकाशाची. यात खालचं शेत भातशेतीच्या पट्ट्यात, वरचं मोरड वस्तीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये. एकाच कुंपणातली जमीन, मध्ये कुणी रंगाचा ब्रश फिरवला. इथे ऑफिसच्या मालकांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. "बाई, खालचा झोन बदलून हवा असेल तर ३९-अ आहे. तीस दिवस हरकतींना द्यायचे, मग होतं." हे कलम २०२४ मध्ये नगरनियोजन कायद्यात आलं, इतपत मलाही माहीत होतं. त्याच्या आदल्या वर्षी त्याच कायद्याच्या कलम १७(२) खाली आराखड्यात दुरुस्तीचे नियम आले होते, ते उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केले, हेही वर्तमानपत्रात वाचलं होतं. २००६ साली 'प्रादेशिक आराखडा २०११' आला तेव्हा मी शाळा सुटल्यावर बस पकडून पणजीच्या आझाद मैदानावर विरोध करायला उभी राहिले होते. तो आराखडा सरकारला २००७ साली मागे घ्यावा लागला. तेव्हा माझ्याच शेताचा रंग बदलायला मी पैसे मोजणार नाही, असं सांगून चहा संपवला. चहा चांगला होता. बशी पण देतात.

आता तक्रार. पाचवी ओळ आयकराची, म्हणजे ज्यासाठी मी साडेनऊ हजार मोजले ती. तिथे लिहिलं होतं: "म्हापशापासून अंतर ३.४ किमी. ग्रामीण. भांडवली नफ्यावर कर नाही." भावाला फोटो पाठवला, त्यानं अंगठा पाठवला. मला मात्र आकडा खटकला. म्हापशाच्या बस स्टँडवरून आमच्या घरी तेवढंच होतं, बसच्या तिकिटावरून मला पाठ आहे.

बहिणीचा मुलगा सीएकडे आर्टिकलशिप करतो. त्यानं पान बघून कपाळाला हात लावला. कायद्यात अंतर मोजायचं ते पालिकेच्या हद्दीपासून, स्टँडपासून नव्हे. आणि सरळ रेषेत, कावळा उडतो तसं. रस्त्यानं मोजायचा वाद पूर्वी होता, तो २०१३ च्या दुरुस्तीनं मिटला. पालिकेची लोकसंख्या १०,००० ते लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतली शेतजमीन आयकराच्या दृष्टीनं ग्रामीण नाही. लाखाच्या वर गेली तर सहा किलोमीटर, दहा लाखांच्या वर आठ. २०११ मध्ये गोव्यातल्या एकाही पालिकेनं लाख गाठला नव्हता, मडगाव नाही, मुरगाव नाही. म्हणजे इथे हिशेब दोन किलोमीटरचाच. आणि गंमत म्हणजे पेडणे, सांगे, वाळपई या पालिका असूनही दहा हजारांच्या आतल्या, म्हणून तिथल्या ऐन पालिकेतली शेतजमीनही आयकराला खेडंच.

म्हापशाची लोकसंख्या चाळीस हजार. पालिकेची हद्द ते आमचं शेत, मध्ये नदीचा वळसा वजा केला तर सव्वा किलोमीटर. बस नदीला वळसा घालून जाते म्हणून ३.४. कावळ्याला नदी आडवी येत नाही. म्हणजे भावाच्या लाडक्या वाक्यातला 'गावातली' हा शब्द जनगणना सोडली तर एकाच खात्यात खोटा पडला, आणि नेमकं तेच खातं पैसे मागणारं.

मी पान घेऊन परत गेले. मुलगा ओशाळला, त्यानं लगेच माफी मागितली. मालक म्हणाले, "सगळे असंच मोजतात, बाई." हे उत्तर मी चाळीस वर्षं ऐकलं आहे, बहुतेक वेळा कॉपी सापडल्यावर. नवं पान तीन दिवसांत मिळालं. पैसे परत मिळाले नाहीत.

दुरुस्तीसाठी तो मुलगा जागेवर आला, तेव्हाचं सांगायला हवं. बांधावर चपला काढल्या, पँट दुमडली आणि फोन हातात धरून शेताच्या चारी कोपऱ्यांत जाऊन आला. तेवढ्यात आबा आले. आबा म्हणजे आमचे शेजारी, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या फाटकाचं, दार कधी उघडायचं हे अजून तेच बघतात. त्यांनी कागद मागितला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि म्हणाले, "तरी कुठली? हे खाजन."

मुलानं सांगितलं की कागदावर तरी आहे. आबा म्हणाले, कागदाला भरती लागते का? पलीकडचा बांध फुटला तर खारं पाणी इथपर्यंत येतं, मग दोन-तीन पावसाळे जमीन धुवावी लागते, तोवर खाऱ्या जमिनीतलं कोरगूट भात सोडून काही उगवत नाही. ते खाजन. बांधाला माती घालायला ज्याच्या घरचा माणूस येतो तो गावातला. कुळांच्या संघटनेच्या वहीत ज्याचं नाव आहे तो. मुलानं विचारलं, "मग गावाची हद्द कुठपर्यंत?" आबांनी काठीनं दाखवलं: तो वड, त्याच्या पलीकडची घाटी, तिथे आम्ही वर्षातून एकदा राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, रोट देतो. तिथपर्यंत शीम. शिमेच्या आत गेल्या चार वर्षांत दोन फ्लॅटच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. आबांच्या लेखी तेही गावकरी, म्हणून रोटाची वर्गणी त्यांच्या सोसायटीकडेही मागतात. सोसायटीच्या सेक्रेटरीबाई दिल्लीच्या. पहिल्या वर्षी पावती मागितली, आता आपणहून देतात.

मुलगा हे सगळं फोनवर लिहून घेत होता. मी विचारलं, सहावी ओळ घालाल का, 'गावाच्या मते'? तो म्हणाला, "बाई, टेम्प्लेटमध्ये रकाना नाही."

कुणी जाणार असाल तर जा, पण आयकराची ओळ असेल तर 'पालिका हद्दीपासून सरळ रेषेत' हे शब्द आधी लिहून घ्या, आणि मोजणीचा नकाशा मागा. कागद वाचायचं काम त्या मुलाकडेच सोपवा. भावाचा व्यवहार तूर्त थांबला आहे. कर किती बसेल ते कळल्यापासून त्याचे फोन कमी झाले आहेत. वहिनी म्हणते बरंच झालं, यंदा लावणी झाली.

शेवटचं बिल परवा आलं. नव्या अहवालात आयकराच्या ओळीसमोर ठळक अक्षरांत 'ग्रामीण नाही' असं आहे. त्याच पाकिटात बिल: जागेला भेट, ग्रामीण दर, ९०० रुपये. पालिका हद्दीत हाच दर ५०० आहे, त्यांच्याच पत्रकावर छापलेला. फोन करून विचारलं तर मालक म्हणाले, "ते पेट्रोलवर असतं, बाई. बस जाते त्या रस्त्यानं."