मुलुंड पूर्वेची जुनी सोसायटी की घोडबंदरचा नवा टॉवर?

परळ, लालबाग, गिरगावातली खोली सोडून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांपुढे हल्ली हे दोन पर्याय हमखास येतात. पागडीचा, म्हणजे जुन्या भाड्याच्या खोलीचा ताबा सोडण्याचा, व्यवहार झालेला असतो, भावाभावांत वाटणी झालेली असते, हातात एक ठरावीक रक्कम असते आणि तिच्यात दादर-माहीम काही बसत नाही. मग नजर मध्य रेल्वेवर पुढे पुढे सरकत मुलुंडला येऊन थांबते. तिथे जुन्या सोसायटीतलं लहान घर मिळतं. त्याच पैशात ठाणं ओलांडून घोडबंदर रोडला गेलं तर टॉवरमधलं ऐसपैस घर मिळतं.

आमच्या घरात हा विषय दीड वर्ष चालला. शेवटी २०२१च्या दसऱ्याला परळची खोली सोडून आम्ही घोडबंदरला भाड्याने राहायला गेलो, तेही ज्या टॉवरमध्ये घर घ्यायचा विचार होता त्याच टॉवरमध्ये. अडीच वर्षं काढली. मग २०२४च्या अक्षय्य तृतीयेला मुलुंड पूर्वेला १९८४ सालच्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. म्हणजे माझं मत कुठे झुकलंय ते उघड आहे. तरी घोडबंदरबद्दल मनात राग नाही, आणि काही जणांनी तिथेच जावं असं मी आजही सांगतो.

आधी जागेबद्दल. आमच्या पैशात घोडबंदरला ६५० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, बसत होतं आणि मुलुंडात ४८०. कागदावर हा फरक १७० फुटांचा, पण राहताना तो आईच्या खोलीएवढा असतो. घोडबंदरला आईला स्वतःची खोली होती, तिचे देव, तिचा रेडिओ, दुपारी दार लोटून पडायची सोय. मुलुंडात ती आणि माझी मुलगी एका खोलीत आहेत. मुलगी आता नववीत. तिचा अभ्यास रात्री अकरापर्यंत चालतो आणि आईला नऊला दिवा बंद लागतो. यावर आम्हाला अजून तोडगा सापडलेला नाही, आणि घर बघताना याचा विचार आम्ही पुरेसा केला नाही हेही खरं.

खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टीत तर तुलनाच नको. अठराव्या मजल्यावरून येऊरचा डोंगर समोर. जूनमध्ये पहिले चार पाऊस झाले की तो दोन दिवसांत हिरवा व्हायचा, सकाळी ढग अर्ध्यावर उतरलेले असायचे. परळच्या चाळीत चाळीस वर्षं गॅलरीतून समोरची गॅलरी बघितलेल्या माणसाला याचं काय वाटतं ते मी सांगू शकणार नाही. मुलुंडच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचं हिरवं जाळं आणि पुनर्विकासाचा फलक दिसतो.

लिफ्ट, पार्किंग, जनरेटर, मुलांना सायकल चालवायला पोडियम (पार्किंगच्या वरची मोकळी गच्ची), हे सगळं घोडबंदरकडे. आमच्या मुलुंडच्या इमारतीला लिफ्ट नाही. आईचे गुडघे दुखतात, ती दिवसातून एकदाच खाली उतरते.

दोन्हीकडचा परिसर झपाट्याने बदलतोय, पण बदलाची जात वेगळी आहे. घोडबंदरला वाघबीळ, ओवळा, कासारवडवली ही मूळची गावं. तीस मजली टॉवरच्या पायथ्याशी अजून एखादं कौलारू घर, गावदेवीचं देऊळ आणि ताजी मासळी घेऊन बसलेली गावातली बाई दिसते. तिच्याकडे दोन वर्षं बोंबील घेतले, तरी टॉवरमधले लोक आणि गावातले लोक यांच्यात बोलणं कमीच. सगळे नवे, सगळे हप्ते फेडणारे, सकाळी सातला निघून रात्री नवाला परतणारे. माणसं वाईट नव्हती. त्यांना वेळच नव्हता. मुलुंडात पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने गेले आणि तिथे टॉवर, मॉल आले. पूर्वेला मिठागर रोड, गव्हाणपाडा ही नावं जुनी राहिली आणि इमारती एकेक करून पडतायत. गल्लीत दर तिसऱ्या इमारतीला परांची लागलेली. पण किराणावाला, गिरणीवाला, शाखेतली मुलं, केळकर कॉलेजच्या नाक्यावरचे चहावाले जागेवर आहेत. आईला पंधरा दिवसांत भिशीत घेतलं. मंगळागौरीला बोलावलं. नाटक दोन्हीकडे जवळ, इथे कालिदास, तिथे घाणेकर नाट्यगृह.

प्रवासाचं फार लिहीत नाही, कारण तो प्रत्येकाचा वेगळा. माझं ऑफिस फोर्टला. मुलुंडात स्टेशन चालत दहा मिनिटं. घोडबंदरहून ठाणे स्टेशनला पोहोचायला कधी चाळीस मिनिटं, कधी सव्वा तास. गायमुख घाटात ट्रक अडकला की संपूर्ण रस्ता तुंबतो. तरी त्याची सवय झाली होती. आणि हे बदलेलही. वडाळा ते कासारवडवली हा सुमारे ३२ किलोमीटरचा मेट्रो ४ चा मार्ग मुलुंड पश्चिमेवरूनच पुढे घोडबंदरला जातो, सप्टेंबर २०२५मध्ये ठाण्याच्या बाजूला त्याची चाचणी धाव झाली. बोरीवली-ठाणे बोगद्याचंही काम चालू आहे. तुमची नोकरी बोरीवली, मीरा रोड किंवा वागळे इस्टेटला असेल तर माझ्या या परिच्छेदाकडे दुर्लक्ष करा. ऐरोलीला असेल तर मात्र मुलुंड, पूल ओलांडला की पोहोचलात. ऑक्टोबर २०२४पासून मुंबईच्या वेशीवर हलक्या वाहनांना टोलही नाही.

आता ज्या एका गोष्टीपायी आम्ही उठलो ती. पाणी.

तसं आमच्या टॉवरमध्ये पालिकेची जोडणी होती. पण ती जेवढं पाणी द्यायची ते सगळ्या घरांना पुरायचं नाही, उरलेलं टँकरने. पावसाळ्यात दिवसाला दोन-तीन, एप्रिल-मेमध्ये बारा-पंधरा. पहिला टँकर पहाटे पाचला. मोटर सुरू झाली की तिचा घरघराट डक्टमधून अठराव्या मजल्यापर्यंत यायचा. पहिल्या महिन्यात मी रोज दचकून उठायचो. नंतर नंतर तर मोटर सुरू झाली नाही की जाग यायची.

गेटवर वॉचमनच्या टेबलावर एक लांबट वही होती. तारीख, वेळ, गाडी नंबर, लिटर, सही. टँकर पूर्ण भरलेला येतो का हे बघायला कमिटीने मजल्यांना पाळ्या लावल्या होत्या. आमची पाळी दर तीन आठवड्यांनी. मी पहाटे खाली जायचो, ड्रायव्हर झाकण उघडायचा, मी शिडीवर चढून बांबूची काठी आत सोडायचो आणि ती कुठपर्यंत भिजली ते टॉर्चने बघायचो. दहा हजार लिटरची गाडी कधीकधी चार बोटं कमी असायची. मग वाद. ड्रायव्हर म्हणायचा, “साहेब, रस्त्यात हिंदकळतं.” त्याला पुढच्या सोसायटीत जायची घाई, मला सातची बस. शेवटी सही करायची आणि वर यायचं.

हे पाणी बहुतेक बोअरचं. जड. बादलीला आतून पांढरा थर, गीझर दीड वर्षात बाद, मुलीचे केस गळायला लागले. केसांचं कारण पाणीच होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण मुलुंडला आल्यावर ते थांबलं. आई मात्र डाळीवरून ओळखायची. टँकरचं पाणी जास्त आलं त्या दिवशी तूरडाळ कुकरला सहा शिट्ट्या देऊनही टच्च राहायची. ती डाळ बोटांनी दाबून बघायची आणि काही न बोलता पुन्हा झाकण लावायची. मग आम्ही वरणासाठी वीस लिटरचा जार आणायला लागलो. भात जारच्या पाण्याने, डाळ जारच्या पाण्याने, चहा जारच्या पाण्याने.

मेंटेनन्सच्या बिलात ‘टँकर’ असं स्वतंत्र कलम होतं. मे २०२३मध्ये आमच्या वाट्याला एका महिन्याचे १,४०० रुपये आले. पैशांचं एक वेळ सोडा. त्याच महिन्यात आईची बहीण गावाहून राहायला येणार होती, आणि आईने तिला फोन करून सांगितलं, पावसाळ्यात ये. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत आमच्याकडे पाहुणा आला नाही असा उन्हाळा गेला नव्हता. पहाटे चारला नळ यायचा, पिंप भरायचं, पण पाण्यासाठी कुणाला ‘येऊ नको’ म्हणायची वेळ आली नव्हती. त्या फोननंतर मी तिथलं घर विकत घ्यायचा विषय काढला नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. मुंबईच्या सात तलावांत सर्वांत मोठा वाटा भातसाचा, आणि भातसा आहे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. ठाणे महापालिकेचं स्वतःचं धरण आजही नाही. भातसा नदीवरची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा वेगवेगळ्या वाटांनी शहर पाणी घेतं, आणि त्याच पाण्यात घोडबंदरला वर्षागणिक नवे टॉवर वाढतायत. म्हणून ‘पुढे होईल सोय’ या शब्दावर मी तरी वीस वर्षांचं कर्ज काढायला धजावलो नाही.

मुलुंडला सकाळी सहाला पाणी येतं, अडीच तास. ठरलेल्या वेळी. खालची टाकी, वरची टाकी, संपलं. आम्ही राहायला आलो त्याच महिन्याच्या अखेरीपासून मुंबईत आधी ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागली. आमच्या इमारतीत नळ वीस मिनिटं आधी जायचा, एवढंच. म्हणजे मुंबईत सगळं आलबेल आहे असं नाही. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्या मुंबईतही भरपूर आहेत, एप्रिल २०२५मध्ये टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा ते सगळ्यांनी बघितलं. मी फक्त माझ्या गल्लीबद्दल बोलतोय.

मुलुंडची दुखणीही सांगतो, कारण ती लहान नाहीत. बाथरूमच्या भिंतीला ओल आहे, दोन पावसाळे दुरुस्ती करूनही ती पुन्हा येते. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, आमचं गेल्या वर्षी झालं आणि आता पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. २०१९पासून ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, त्यामुळे तुम्ही नको म्हणालात तरी ते होऊ शकतं. तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढायची तयारी ठेवूनच जुनं घर घ्या. आई आता त्र्याहत्तरची आहे, तो विचार मला रात्री त्रास देतो. नवी इमारत वीस मजली झाली की माणसं तिप्पट होतील, तेव्हा सकाळचे अडीच तास पुरतील का, हाही प्रश्न आहेच. शिवाय मुलुंड पूर्वेला प्रकल्पबाधितांच्या मोठ्या वसाहतीवरून वाद झालेला आहे, तोही नीट वाचून घ्या.

खर्चाचं एकच. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, ठाण्यात ७. घर बाईच्या नावावर घेतलंत तर दोन्हीकडे एक टक्का सूट. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी, जुन्या घरावर नाही. एवढा हिशेब धरला की दोन्हीकडच्या चौरस फुटाच्या दरातलं अंतर वाटतं त्यापेक्षा थोडं कमी निघतं.

तर, घरात लहान मुलं असतील, दोघं कमावते असतील, गाडी असेल आणि ऑफिस त्या बाजूला असेल, तर घोडबंदर अवश्य बघा. तिथे अशाही सोसायट्या आहेत जिथे पालिकेचं पाणी पुरतं, माझा एक मित्र तशाच एका ठिकाणी सुखात आहे. घरात म्हातारं माणूस असेल, येणारं-जाणारं असेल, तर मी मुलुंड म्हणेन, जागा कमी पडली तरी.

मुलुंडात बघायला गेलात तर ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आणि कन्व्हेयन्सची (जमीन सोसायटीच्या नावावर झाल्याच्या दस्ताची) प्रत आधी मागा, जुन्या इमारतींत दोन्ही असतीलच असं धरू नका. घोडबंदरला रविवारी दुपारी सॅम्पल फ्लॅट बघायला जाऊ नका. शक्यतो मे महिन्यात, कामाच्या दिवशी, सकाळी सहाच्या आत जा. गेटवरच्या वॉचमनला चहा पाजा आणि टँकरची वही बघायला मागा. मागच्या पंधरा दिवसांची पानं पुरतील.