शाळेचं नाटक: आधी पाठांतर की आधी अंगाने खेळ?
ताईच्या गळ्यात गॅदरिंगचं नाटक पडलंय, तीस पोरं, तीन आठवडे, आणि तिला कळेना की नेहमीसारखं स्क्रिप्ट वाटून पाठांतर घ्यावं की ते फिजिकल थिएटरवालं, म्हणजे संवादांपेक्षा अंगाच्या हालचालींतून गोष्ट सांगणारं, करावं. मी दोन्ही केलंय म्हणून सांगते.

वेळेचं म्हणाल तर पाठांतरात आठवड्यात काहीतरी उभं राहतं. दुसऱ्यात पहिले चार-पाच दिवस नुसतं चालणं, थांबणं, एकमेकांची नक्कल, बाई डोकावून विचारतात नाटक कधी सुरू करणार!

पण खर्च जवळपास शून्य. आमच्या नऊ पोरांनी दोन ओढण्या घेऊन अंगाचीच पीएमटी, म्हणजे पुण्याची सिटी बस, केली, ब्रेक लागला की सगळे एकदम पुढे, लोक हसून लोळले. 'घाशीराम कोतवाल' नाटकात १९७२ साली इथेच पुण्यात माणसांचाच पडदा केला होता की.

कुणी तापाने आडवा झाला तर बाजूचा सरकून जागा घेतो, पाठांतरात मात्र बोंब. आवाज मार खातो हे खरं, दम लागला की वाक्य मागच्या रांगेपर्यंत जातच नाही.

जड भाषा, आठ-दहा पात्रं, हातात आठवडाच असेल तर पाठांतर घे. अख्खा वर्ग घ्यायचाय, लाजरी पोरं जास्त, तर दुसरं, पण तीन आठवडे हवेतच.