काळ्या टबात सगळेच काळे

साडेचार हजार रुपये मोजून मी जो प्राणी घरी आणला, तो मला दोन हजारांत सहज मिळाला असता. प्राणी ठणठणीत आहे, खातोय-पितोय, त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याला लावलेल्या नावाबद्दल.

ॲक्सोलॉटल. आमच्या बेळगावात मासे पाळणारी मंडळी त्याला ‘चालणारा मासा’ म्हणतात, पण हा मासा नव्हेच. न्यूटच्या भाऊबंदांतला, मेक्सिकोच्या शोचिमिल्को तळ्यातला सॅलमँडर, म्हणजे बेडकाच्या जातकुळीतला शेपटीवाला उभयचर. पिसांसारखे कल्ले डोक्याबाहेर मिरवत जन्मभर पाण्यातच राहणारा. भाच्यानं मोबाइलवर बघून हट्ट धरला आणि मामा तर आधीपासून मत्स्यटाकीचा शौकीन. ओळखीतून एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. त्यानं व्हिडिओ पाठवला : कोळशासारखं काळं पिल्लू, काळ्या टबात. “अण्णा, साधा न्हाई ह्यो, मेलानॉइड हाय. बेळगावात कुणाकडंच नसंल बघा.” मेलानॉइड म्हणजे जन्मजात काळा प्रकार. या शेवटच्या वाक्यानं मी गेलो. कुणाकडं नसलेली वस्तू आपल्याकडं असावी, ही खाज वाईट.

पिल्लू थर्माकोलच्या डब्यातून कोल्हापूरच्या बसनं आलं. वडगावच्या घरी टाकी तयारच होती, तळाला पांढरी बारीक वाळू. पंधरा-वीस दिवसांत काळा रंग फिका पडू लागला. शेवाळी, तपकिरी, वर बारीक ठिपके. मला वाटलं, वाढतंय म्हणून असेल.

मग एके रात्री लाइट गेली. भाचा टॉर्च घेऊन टाकीपाशी बसला होता. म्हणाला, “मामा, ह्याच्या डोळ्यात अंगठी आहे की!”

बघतो तर बाहुलीभोवती सोन्याच्या तारेसारखी चमकती कडी. सगळा उलगडा त्या कडीत होता. साध्या, म्हणजे वाइल्ड टाइप ॲक्सोलॉटलच्या कातडीत चमक देणाऱ्या रंगपेशी असतात. डोळ्यातली कडी आणि अंगावरची, कल्ल्यांवरची सोनेरी झाक त्यांचीच. मेलानॉइडमध्ये त्या पेशीच नसतात. त्यामुळं त्याच्या अंगाला चमक नाही आणि डोळा नुसता काळा, कडीशिवाय. शिवाय साधा ॲक्सोलॉटल आजूबाजूला बघून थोडाफार गडद किंवा फिका होऊ शकतो. काळ्या टबात ठेवलेलं साधं पिल्लू व्हिडिओत मेलानॉइडच वाटतं. मी अंग बघत बसलो, डोळा बघितलाच नाही.

विक्रेत्याला फोन केला. “तुमच्या पाण्यानं रंग उतरला असणार, अण्णा.” राकसकोप धरणाच्या पाण्यावर आमचं गाव पिढ्यान्‌पिढ्या जगतंय, त्यानं कुणाच्या डोळ्यात सोनं उगवल्याचं मी तरी ऐकलं नाही. रंग फिका होईल एक वेळ, पण नसलेल्या पेशी कुठून येणार? एवढं बोललो तर फोन कट. पैसे परत मिळाले नाहीत हे वेगळं सांगायला नको.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, फसलेला मी एकटा नाही. खानापूरकडच्या एकानं पांढरा ॲक्सोलॉटल ‘दुर्मीळ अल्बिनो’ म्हणून घेतला. डोळे काळेभोर! काळ्या डोळ्यांचा पांढरा तो ल्यूसिस्टिक. अल्बिनोचे डोळे लालसर-गुलाबी असतात. आणि पांढऱ्यात दुर्मीळ ते काय? 1864 साली पॅरिसला जे ॲक्सोलॉटल पोचले, त्यांतही एक पांढरा होता. निपाणीच्या एकाला ‘अंधारात चमकणारा’ म्हणून जांभळ्या दिव्याखालचा फोटो दाखवला होता. त्या उजेडात पांढरा शर्टही जांभळा दिसतो. खरा चमकणारा वेगळा : ज्याच्यात जेलीफिशचं जनुक घातलेलं असतं, तो निळ्या उजेडात स्वतः हिरवा उजळतो, आणि दिवा बंद केला की तोही विझतो.

कागदाचंही सांगतो, कारण मी तिथंही गाढवपणा केला. हा प्राणी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर लगाम ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि 2024 च्या नियमांनुसार असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. विक्रेत्याकडं कागदाचा चिटोरासुद्धा नव्हता, मीही मागितला नाही. उन्हाळ्याचं तर त्यानं अवाक्षर काढलं नाही. याला 16 ते 18 अंशांचं पाणी लागतं. पावसाळ्यात आमच्याकडं निभतं, पण एप्रिलात आमच्या हिनं फ्रीजमधलं दही काढून तिथं पाण्याच्या बाटल्या गोठवल्या, आणि मला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

गेल्या आठवड्यात त्याच विक्रेत्याच्या स्टेटसला पुन्हा काळा टब, पुन्हा काळं पिल्लू. मेव्हण्याच्या नंबरवरून मेसेज टाकला : टॉर्च मारून डोळ्याचा जवळून व्हिडिओ पाठवा. अर्ध्या तासानं उत्तर आलं, “डोळं बघून काय करताय अण्णा, रंग बघा की.”