मद्रास कॉलेज, सेंट अँड्र्यूज: इमारतीला पूर्ण गुण, पायी सहलीला निम्मे

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या गावी जाणारे बहुतेक भारतीय प्रवासी गोल्फचे जुने मैदान, समुद्राकाठचे भग्न कॅथीड्रल आणि १४१३ साली पोपची सनद मिळालेले विद्यापीठ एवढे पाहून परततात. साउथ स्ट्रीटवरील मद्रास कॉलेजची जुनी इमारत त्यांच्या यादीत क्वचितच असते. ती असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र गावातील ज्या मार्गदर्शित पायी सहलीतून आम्ही ती पाहिली, त्या सहलीविषयी तितकेच चांगले लिहिता येणार नाही.

नावात कॉलेज असले तरी ही १८३३ साली सुरू झालेली माध्यमिक शाळा असून आज ती विनाशुल्क सरकारी शाळा म्हणून चालते. तिचा संस्थापक डॉ. अँड्र्यू बेल याच गावातील एका न्हाव्याचा मुलगा. १७५३ साली जन्मलेला हा माणूस विद्यापीठात शिकून अमेरिकेतील व्हर्जिनियात शिकवणी करून आला, पुढे धर्मोपदेशक झाला आणि १७८७ साली मद्रासला पोहोचला. तेथे एकाच वेळी अनेक पलटणींच्या धर्मगुरूपदांचे पगार घेत त्याने चांगली माया जमवली. पण १७८९ साली एग्मोर येथील मुलांच्या अनाथाश्रमाची जबाबदारी स्वीकारली, तेव्हा त्या कामाचा पगार मात्र त्याने नाकारला. आश्रमात मुख्यतः गोऱ्या शिपायांची भारतीय स्त्रियांपासून झालेली मुले होती, आणि त्यांना शिकवणाऱ्या मास्तरांना कामाची फारशी आस्था नव्हती.

या इतिहासाचा खरा गाभा इथेच आहे. बेलने एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली आणि हाच प्रकार आपल्या आश्रमात सुरू करण्याचा हुकूम दिला. मास्तरांनी हे जमणार नाही असे सांगितले, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्केन नावाच्या जेमतेम आठ वर्षांच्या मुलाला बोलावून अक्षरओळखीचा वर्ग त्याच्या हाती सोपवला. वर्ग चालला. मग जरा पुढे गेलेल्या मुलांनी मागच्यांना शिकवायचे, अशी संपूर्ण शाळाच त्याने उभी केली. कागद, शाई आणि पगारी मास्तर या तिन्हींवरचा खर्च त्यामुळे वाचला. खोडकर मुलांच्या अपराधांची नोंद एका वहीत होई आणि त्यांचा निवाडा मुलांचेच पंच करीत. छडीवर बेलचा विश्वास नव्हता. याच आश्रमात शिकलेल्या विल्यम स्मिथने पुढे टिपू सुलतानाच्या दरबारात शास्त्रीय उपकरणांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. ज्यांच्या घरात पणजोबांच्या धूळपाटीची आठवण अजून सांगितली जाते आणि ज्यांनी पंतोजींच्या शाळेविषयी काही वाचले आहे, अशा मराठी वाचकाला यातले निम्मे तरी ओळखीचे वाटेल. वाळूची कल्पना देशी शाळेत दिसली, हे बेलने मान्य केले. मुलांनी मुलांना शिकवण्याची युक्ती मात्र आपलीच, असा त्याचा दावा होता. तो कितपत खरा, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. मोठ्या मुलाने लहानग्यांकडून पाढे घोकून घेण्याची आपल्याकडची जुनी रीत लक्षात घेतली, तर हा दावा मला तरी पटत नाही.

१७९६ साली हिंदुस्थान सोडल्यावर बेलने पुढच्याच वर्षी लंडनमध्ये या प्रयोगाचे टिपण छापले आणि पद्धतीला मद्रासचे नाव मिळाले. जोसेफ लँकेस्टर या इंग्रज शिक्षकाने जवळपास तशीच व्यवस्था लंडनमध्ये उभारल्यावर श्रेय कोणाचे यावरून दोघांत जुंपली, आणि त्यांच्या पाठीराख्यांच्या धर्मपंथांनी त्या भांडणात भर घातली. चर्च ऑफ इंग्लंडच्या बाजूने १८११ साली स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीने बेलची पद्धत आपल्या शाळांत सर्वत्र नेली. एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई इलाख्यात नव्या शाळा निघू लागल्या, तेव्हा हीच व्यवस्था विलायती सुधारणा म्हणून आपल्याकडे परत आली. पुढे पोपटपंची फार आणि समज कमी, या तक्रारीवरून ती सगळीकडेच मागे पडली. ती तक्रार रास्तच होती.

बेलने आयुष्याच्या अखेरीस सुमारे एक लाख वीस हजार पौंड शिक्षणासाठी विश्वस्तांच्या हवाली केले आणि त्यातील निम्मी रक्कम जन्मगावासाठी ठेवली. १८३२ साली त्याचे निधन झाले आणि त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरण्यात आले. गावातील जुनी ग्रामर स्कूल आणि इंग्लिश स्कूल एकत्र करून नवी शाळा निघाली, आणि विल्यम बर्न या वास्तुशिल्पकाराने तिच्यासाठी उंच धुराडी, नक्षीदार त्रिकोणी भिंतटोके आणि मधोमध चौक असलेली भारदस्त दगडी इमारत रचली. इमारतीसमोर, अगदी रस्त्याला लागून, डोमिनिकन साधूंच्या चर्चचा एक उरलेला भाग उभा आहे. सोळाव्या शतकात बांधलेला हा भाग १५५९ च्या धर्मसुधारणेच्या दंगलीतून वाचला. भग्न कमानीतून मागची शाळा पाहिली की दोन्हींच्या वयातील तीनशे वर्षांचे अंतर एका नजरेत कळते. छायाचित्र घ्यायचे तर याच कोनातून घ्यावे.

विसाव्या शतकाचा भाग त्या मानाने रूक्ष आहे. विद्यार्थी वाढल्यावर १९६०च्या दशकात किलरीमाँट येथे दुसरी इमारत बांधण्यात आली. खालचे वर्ग तिकडे आणि वरचे वर्ग साउथ स्ट्रीटवर, अशी दोन ठिकाणची कसरत अनेक दशके चालली. २०२१ साली संपूर्ण शाळा गावाच्या पश्चिमेकडील लँगलँड्स येथील नव्या संकुलात गेली आणि जुनी इमारत विद्यापीठाकडे आली. नव्या संकुलाकडे वाट वाकडी करण्यासारखे प्रवाशाला काही नाही. ती चालती शाळा आहे, आणि तिला शांतपणे चालू द्यावे.

आता सहलीविषयी. मार्गदर्शक बोलका होता आणि गोल्फच्या कथा रंगवून सांगत होता, पण शाळेसमोर त्याने संस्थापकाचे नाव, साल आणि ‘बेल काही काळ भारतात होता’ एवढे एक वाक्य सांगून आम्हाला पुढे नेले. एग्मोर नाही, वाळू नाही, आठ वर्षांचा फ्रिस्केनही नाही. इमारतीच्या घडणीत मद्रासचा मागमूस नसल्यामुळे हे कोणी सांगितले नाही, तर पाहणाऱ्याला आपणहून कळण्याचा मार्गच नाही. विचारल्यावरही उत्तर मिळाले ते नावाच्या गमतीपुरते. एवढे पैसे मोजल्यावर याहून अधिक तयारीची अपेक्षा ठेवणे वावगे नाही.

म्हणून या थांब्यासाठी सहल घेऊ नये. गावाला रेल्वे स्थानक नाही. ल्यूकर्सला उतरून बस धरावी आणि वेस्ट पोर्टच्या जुन्या वेशीतून साउथ स्ट्रीटवर यावे, म्हणजे शाळा उजव्या हाताला लागते. रस्त्यावरून पाहायला तिकीट नाही. बेलचे १७९७चे टिपण जुन्या छापील स्वरूपात इंटरनेटवर वाचायला मिळते. ते आधी चाळून गेल्यास अर्धा तास सहज कारणी लागतो. शिक्षक, शिक्षणाच्या इतिहासात रस असणारे आणि चेन्नईशी नाते असणारे यांनी अवश्य जावे. बरोबर लहान मुले असतील आणि हवा बरी असेल, तर त्यांना आधी वेस्ट सँड्सच्या पुळणीवर मनसोक्त खेळू द्यावे. इमारत आणि तिचा इतिहास यांना पाचपैकी पाच, सहलीला अडीच.