एल्डरलाइन, हेल्पएज, डिग्निटी की कोपऱ्यावरचा ज्येष्ठ नागरिक संघ?

आई-वडील एका गावात, मुलं दुसऱ्या शहरात नाहीतर परदेशात, आणि घरात काहीतरी बिनसलंय. अशा वेळी ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्था शोधायला बसलं की नावांची रांग लागते. प्रत्येकाच्या माहितीपत्रकात शब्द मात्र तेच: सन्मान, आधार, आनंदी वार्धक्य. त्यावरून काही ठरवता येत नाही. माझ्या मते सुरुवातीला दोनच गोष्टी विचाराव्यात. यांचं माणूस घरी येईल का? आणि वेळ आली तर हे आपल्या बाजूने कागदावर, म्हणजे अर्जात आणि सुनावणीत, उभे राहतील का? महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी मुख्य पर्याय याच दोन प्रश्नांवर तपासून बघू.

पहिला फोन कुठे करायचा म्हणाल तर 14567, म्हणजे एल्डरलाइन. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची ही मोफत सेवा. टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने हैदराबादला झालेल्या प्रयोगातून ती उभी राहिली आणि 2021 मध्ये देशभर गेली. महाराष्ट्रातलं काम पुण्याचं जनसेवा फाउंडेशन बघतं. वेळ सकाळी 8 ते रात्री 8, मराठीत बोलता येतं. पेन्शन, सरकारी योजना, कायदा यांची माहिती मिळते, नुसतं मन मोकळं करायलाही फोन चालतो. छळ होत असेल किंवा कुणाला घराबाहेर काढलं असेल तर प्रत्यक्ष माणूस पाठवण्याची सोयही या सेवेत आहे. फोन करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: खुणेसह पूर्ण पत्ता, वय, घरात कोण कोण राहतं, आजार आणि चालू औषधं, आधी पोलिसांत तक्रार झाली आहे का. आणि सगळ्यात वर हे, की खुद्द आईला किंवा वडिलांना काय हवंय. कारण मदत करणारा माणूस शेवटी त्यांनाच विचारणार, आणि पुष्कळदा उत्तर येतं, ‘तक्रार नको, त्याला फक्त दोन शब्द समजावून सांगा.’ मग लांबून फोन करणाऱ्या लेकीची चिडचिड होते. पण निर्णय त्यांचा आहे, तुमचा नाही.

रात्री अकराला मारहाण होत असेल तर मात्र एल्डरलाइन नाही, सरळ 112.

हेल्पएज इंडिया आणि डिग्निटी फाउंडेशन ही दोन नावं लोक एका दमात घेतात, पण दोघी ज्यांच्यासाठी काम करतात तो माणूस वेगळा. हेल्पएज 1978 पासूनची, देशभर पसरलेली संस्था. फिरते दवाखाने, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, गावातल्या ज्येष्ठांचे बचत गट हे तिचं खरं बळ. ज्यांच्याकडे डॉक्टरची फी नाही, त्यांच्यासाठी ती आहे. तिची स्वतःची हेल्पलाइनही आहे, 1800-180-1253. शिवाय धोरणाच्या पातळीवर ती सतत बोलत असते. दरवर्षी 15 जूनच्या, म्हणजे ज्येष्ठांवरील अत्याचारविरोधी दिनाच्या सुमारास तिचे अहवाल वर्तमानपत्रांत येतात. 2020 चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कारही तिला मिळाला. हे सगळं मोलाचं आहे, पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांना त्यातून संध्याकाळची सोबत मिळेल असं नाही.

ती सोबत हे डिग्निटीचं क्षेत्र. 1995 मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था मध्यमवर्गीय एकटेपणा ओळखून चालते: गप्पागोष्टींची चाय मस्ती केंद्रं, स्वतःचं मासिक, स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी दिवसाची केंद्रं. मर्यादा उघड आहे. ती मोठ्या शहरांची संस्था आहे, आणि केंद्रापर्यंत चालत किंवा रिक्षाने जाता आलं तरच बरंचसं उपयोगाचं. सांगली-नांदेडकडच्या माणसाने तिची वाट बघत बसू नये. (स्मृतिभ्रंशच असेल तर 1992 मध्ये केरळात सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाच्या जवळच्या शाखेची चौकशी करा. तिथे रुग्णाइतकंच सांभाळणाऱ्याकडेही लक्ष दिलं जातं, आणि आधी कोसळतो तो सांभाळणाराच.)

आता आपला ज्येष्ठ नागरिक संघ. वाढदिवस, सहली, मधुमेहावरचं व्याख्यान, यावरून तरुण मंडळी त्याची चेष्टा करतात. मला तो फार कमी लेखला गेलेला पर्याय वाटतो. नियमित येणारे काका दोन बैठकांना दिसले नाहीत की कुणीतरी जिना चढून बेल वाजवतंच. त्यासाठी ना अर्ज लागतो, ना टोकन. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड काढायला किंवा मुख्यमंत्री वयोश्री योजनेच्या 3000 रुपयांचा अर्ज भरायला शेजारी बसणारं माणूसही इथेच सापडतं. गावोगावचे असे संघ फेस्कॉम या राज्य महासंघात एकत्र येतात, आणि सगळ्यांच्या वतीने मागणी रेटायची असेल तर हीच वाट. मार्च 2020 पासून बंद असलेली रेल्वेची ज्येष्ठ सवलत एकट्यादुकट्याच्या पत्राने परत येणार नाही.

पण घरातलं भांडण असेल तर संघ ही चुकीची जागा. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. मुलगा हात उगारतो हे एखादी आजी अशा ठिकाणी सांगेल, जिथे अध्यक्ष त्याच मुलाच्या लग्नात जेवून आले आहेत? सांगितलंच तरी उत्तर ठरलेलं: घरातलं घरात मिटवा.

दुसरा प्रश्न, कागदाचा. इथे बहुतेक संस्था गळतात. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याखाली साठीपुढची व्यक्ती मुलांकडून निर्वाहखर्च मिळावा म्हणून निर्वाह न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे बहुधा प्रांताधिकाऱ्यांकडे, अर्ज करू शकते. वकील लावावाच लागतो असं नाही. निर्वाह रकमेची मर्यादा महिना 10,000 रुपये. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा, फार तर 30 दिवस वाढवून, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात हे धरून चाला. आणि आपल्या कामाचं कलम 5: अर्जदार स्वतः असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या वतीने नोंदणीकृत संस्था उभी राहू शकते. तेव्हा कुठल्याही संस्थेला गोलगोल न विचारता स्पष्ट विचारा: ‘निर्वाहाचा अर्ज तुम्ही करता का? सुनावणीला तुमचा कार्यकर्ता येतो का? याआधी कधी आला आहे?’ ‘आम्ही मार्गदर्शन करतो’ एवढंच उत्तर आलं तर ते नाही समजा.

तिथे ‘नाही’ आलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, क्रमांक 15100. आईची तक्रार असेल तर आधी हाच दरवाजा ठोठवा, कारण स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. तिथे आपुलकीची अपेक्षा ठेवू नका, पण वकील मिळतो.

घर मुलाच्या नावावर करून दिलं आणि आता तो विचारत नाही, हे प्रकरण असेल तर संस्थांकडे जाण्याआधी बक्षीसपत्र काढून वाचा. त्याच 2007 च्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे असा दस्त रद्द होऊ शकतो, पण सांभाळ करण्याच्या अटीवर तो दिलेला असावा लागतो. अट होती हे दाखवावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये म्हटलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगून एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं, आणि तिथे मुलाने सांभाळ करीन असं लिहून दिलेला कागद होता. अजून दस्त व्हायचा असेल तर ती अट आजच त्यात घालून घ्या. सगळ्या संस्था मिळून नंतर जे करतील त्यापेक्षा ते एक वाक्य जास्त उपयोगी पडेल.

आणि ‘मरेपर्यंत सांभाळतो, फ्लॅट आमच्या नावे करा’ असं म्हणणारी कुठलीही संस्था, मग तिची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असो वा नसो, यादीतून आधी खोडा.