एनपी व्हायचं की पीए? अमेरिकेतल्या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून

अमेरिकेतल्या दवाखान्यात तपासायला येणारी व्यक्ती पुष्कळदा डॉक्टर नसते. तरी तीच छातीला स्टेथोस्कोप लावते, रक्ताच्या चाचण्या लिहिते आणि औषधाची चिठ्ठी थेट फार्मसीत पाठवते. ती नर्स प्रॅक्टिशनर असते, नाहीतर फिजिशियन असिस्टंट. बोलताना सगळे एनपी आणि पीए म्हणतात. रुग्णाला दोघांतला फरक सहसा कळत नाही. या कामात शिरू पाहणाऱ्यासाठी मात्र दोन्ही वाटा पहिल्या पावलापासून वेगळ्या आहेत, आणि चुकीच्या वाटेवर दोन वर्षं गेली की मागे फिरणं महागात पडतं.

पगाराचं आधी उरकून घेऊ, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२३ च्या आकड्यांत एनपींचा मध्यक पगार वर्षाला १,२६,२६० डॉलर होता आणि पीएंचा १,३०,०२०. शहर बदललं किंवा रात्रपाळी घेतली की एवढा फरक सहज पुसला जातो. २०२३ ते २०३३ या दहा वर्षांत नोकऱ्या एनपींच्या ४६ टक्क्यांनी आणि पीएंच्या २८ टक्क्यांनी वाढतील असा त्याच विभागाचा अंदाज होता. दोन्हीकडे काम आहे. पगार पाहून निवड करू नका.

मूळ एका वर्षातलं, घराणी दोन

दोन्ही पेशे १९६५ चे. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांच्या जोडीने एनपीचं शिक्षण सुरू केलं. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेले चार जण घेऊन पीएंची पहिली तुकडी उभी केली. पुढचा सगळा फरक या जन्मकुंडलीत आहे: एनपी म्हणजे नर्सिंगवर चढवलेला मजला, तर पीए म्हणजे डॉक्टरी शिक्षण आटोपशीर करून बांधलेला अभ्यासक्रम.

म्हणून एनपीला कॉलेजात शिरतानाच रुग्णगट निवडावा लागतो: कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालक, नवजात, स्त्री-आरोग्य किंवा मानसोपचार. प्रौढ आणि बालक या गटांत पुन्हा दवाखान्याची वाट आणि अतिगंभीर रुग्णांची वाट असे दोन फाटे आहेत. परीक्षा त्याच गटाची, प्रमाणपत्र त्याच गटाचं. इथे होणारी नेहमीची चूक अशी: नोकऱ्या जास्त म्हणून 'फॅमिली' घेतात आणि मग आयसीयूत काम शोधतात. रुग्णालयाने घेतलं तरी राज्याचं नर्सिंग बोर्ड विचारू शकतं की अतिदक्षतेचं प्रशिक्षण कुठे आहे? मग पदव्युत्तर प्रमाणपत्रासाठी पुन्हा कॉलेज, पुन्हा क्लिनिकल तास, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांपाशी शिकण्याचे तास.

पीएचं शिक्षण सर्वसाधारण असतं. आज हाडांच्या शस्त्रक्रियेत आणि तीन वर्षांनी आपत्कालीन विभागात, असं नवी पदवी न घेता जाता येतं. अर्थात जाता येतं म्हणजे कोणी लगेच घेतं असं नाही. त्वचारोगाच्या जागेसाठी नव्या पीएंची झुंबड असते, आणि तिथे आधीचा अनुभवच विचारला जातो.

शिक्षण किती, आणि अडतं कुठे

एनपीसाठी आधी आरएन (नोंदणीकृत नर्स) परवाना हवा, म्हणजे एनक्लेक्स-आरएन परीक्षा पास, आणि सहसा नर्सिंगची पदवी. त्यावर मास्टर्सची दोन ते तीन वर्षं, किंवा डीएनपी ही डॉक्टरेट घेतली तर त्याहून जास्त. क्लिनिकल तासांची किमान अट बरीच वर्षं ५०० होती. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी ती ७५० वर नेली. पीएचा मास्टर्स सरासरी २७ महिन्यांचा. पहिलं वर्ष वर्गात: शरीररचना, औषधशास्त्र, रोगनिदान. मग वेगवेगळ्या विभागांत प्रत्यक्ष शिकण्याच्या सुमारे २,००० तासांच्या फेऱ्या: फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसिक आरोग्य, आपत्कालीन.

७५० विरुद्ध २,००० अशी थेट वजाबाकी मात्र करू नका. पाच वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्सला रुग्ण बिघडायला लागला की मॉनिटरच्या आधी कळतं, आणि हे कोणत्याही तासांत मोजलेलं नसतं. उलट एकही वर्ष नर्स म्हणून काम न करता सरळ एनपीला जाणाऱ्याला ७५० तास अपुरे पडतात. नियम परवानगी देत असले तरी दोन वर्षं वॉर्डात काढूनच पुढे जावं.

एनपी शिक्षणातलं खरं दुखणं प्रिसेप्टरचं. बरेच अभ्यासक्रम ऑनलाइन आहेत, आणि हाताखाली घेऊन शिकवणारा डॉक्टर किंवा एनपी, म्हणजेच प्रिसेप्टर, 'तुमचा तुम्ही शोधा' असं सांगतात. मग विद्यार्थी दवाखान्या-दवाखान्यांत ईमेल पाठवत बसतात, मध्यस्थांना पैसे मोजतात, आणि जागा मिळाली नाही की अख्खं सत्र पुढे ढकललं जातं. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला दोन गोष्टी लेखी विचारा: प्रिसेप्टर कोण मिळवून देणार? आणि माझ्या राज्यात तुमच्या विद्यार्थ्यांना क्लिनिकल करायची मान्यता आहे का? पीए कॉलेजांना फेऱ्यांच्या जागा स्वतःच लावून द्याव्या लागतात. विद्यार्थ्याला शोधायला लावणं मान्यतेच्या नियमांत बसत नाही. पण ती जागा दोन तास लांबच्या गावात निघू शकते, आणि सहा आठवड्यांचं भाडं तुमच्या खिशातून.

पीएचा अडथळा सुरुवातीलाच, प्रवेशात असतो. अर्ज कॅस्पा या एकाच पोर्टलवरून जातात. नवं चक्र एप्रिलच्या अखेरीस उघडतं, आणि अनेक कॉलेजं जसे अर्ज येतील तशा मुलाखती घेतात. शेवटच्या तारखेला भरलेला अर्ज कागदोपत्री वेळेत, व्यवहारात उशिराच. शिवाय प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास लागतात. कुठे ५००, कुठे २,००० वा जास्त. सीएनए (नर्सच्या हाताखालची मदतनीस), रुग्णवाहिकेतला ईएमटी किंवा मेडिकल असिस्टंट म्हणून केलेलं काम चालतं. डॉक्टरशेजारी बसून नोंदी टाइप करणाऱ्या स्क्राइबचे तास मात्र काही कॉलेजं रुग्णसेवेत धरतच नाहीत. आणखी एक सापळा: शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र हे विषय पाच-सात किंवा दहा वर्षांपूर्वीचे असतील तर ते 'जुने' ठरवणारी कॉलेजं पुष्कळ आहेत. लग्न, मुलं, स्थलांतर यांत दशक गेलेल्यांना हा फटका हमखास बसतो.

कर्ज आणि हातातला पगार

एनपी करताना नर्सची नोकरी चालू ठेवता येते. आठवड्याला १२ तासांच्या तीन पाळ्या आणि उरलेल्या दिवसांत अभ्यास. दमछाक होते, पण घर चालतं. पीएच्या २७ महिन्यांत नोकरीला वाव जवळजवळ नाही, काही कॉलेजं तर स्पष्ट मनाई करतात. म्हणजे फीच्या जोडीला सव्वादोन वर्षांचा बुडालेला पगारही हिशेबात धरा.

त्यात २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद केलं. साध्या मास्टर्ससाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर झाली. 'व्यावसायिक' पदव्यांना ती वर्षाला ५०,००० आहे. २०२५ च्या अखेरीस शिक्षण खात्याने ठरवलेल्या मसुद्यातल्या 'व्यावसायिक' यादीत नर्सिंगही नव्हतं आणि पीएही नव्हतं. याची झळ पीएला जास्त, कारण त्याला कमी महिन्यांत जास्त रक्कम लागते. फी पाहताना कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला खाजगी कर्जाचा व्याजदरही विचारून घ्या.

दिवस कसा जातो

फॅमिली एनपीच्या दवाखान्यात एका रुग्णाला १५-२० मिनिटं. समोर मधुमेही माणूस, ए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेचा आकडा) ९.२, मेटफॉर्मिन पूर्ण मात्रेत चालू. मूत्रपिंडाचा आकडा बघायचा (ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन बंद), मोजे काढायला लावून तळव्यांवर नायलॉनचा धागा टेकवून संवेदना तपासायची, डोळ्यांच्या तपासणीसाठी पाठवायचं आणि दुसरं औषध निवडायचं. ते औषध विमा कंपनी पूर्वपरवानगीशिवाय देणार नाही, म्हणून संध्याकाळी फॉर्म. तोवर पुढच्या खोलीत खोकणारं मूल वाट बघतंय. दिवसाखेर इनबॉक्समध्ये अहवाल आणि रुग्णांचे निरोप साठलेले असतात. हे काम पीएही करतात, तंतोतंत असंच.

शस्त्रक्रियेत मात्र पीएचं पारडं जड आहे. सकाळी सहाला वॉर्डात फेरी, मग ऑपरेशन थिएटर. खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना टेबलावर नीट ठेवणं, सर्जनसाठी जखम उघडी धरणं आणि शेवटी थरांमागून थर शिवत आणणं. तोवर सर्जन पुढच्या रुग्णाकडे गेलेला असतो. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून औषध आणि घरी सोडण्याच्या सूचनाही पीएच लिहितो. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) या मदतीसाठी पीएला सर्जनच्या शस्त्रक्रिया-शुल्काच्या १३.६ टक्के मोजतं. एनपीला टेबलापाशी उभं राहायचं तर सहसा वेगळं फर्स्ट असिस्टचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मानसोपचारात उलट चित्र: तिथे मानसोपचार एनपींना प्रचंड मागणी आहे, आणि अनुकूल राज्यात त्यांना स्वतःचा दवाखानाही थाटता येतो.

राज्य कोणतं, हे आधी सांगा

दवाखाना स्वतःचा हवा असेल तर सगळं राज्यावर येऊन ठेपतं. ॲरिझोनासारख्या राज्यात एनपी डॉक्टरशी करार न करता काम करतो. न्यूयॉर्कमध्ये ३,६०० तासांच्या अनुभवानंतर लेखी कराराची अट सुटते. कॅलिफोर्नियात तीन वर्षं किंवा ४,६०० तासांनंतर टप्प्याटप्प्याने मोकळीक मिळते. टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरशी करार लागतोच. असा करार करणाऱ्या डॉक्टरला बऱ्याचदा दरमहा पैसे द्यावे लागतात, आणि तो निवृत्त झाला की नवा मिळेपर्यंत औषधं लिहिणं थांबतं. टेक्सासच्या डॅलसमधल्या एनपीने ॲरिझोनाच्या फीनिक्समधल्या मैत्रिणीचं ऐकून दवाखान्याची जागा भाड्याने घेऊ नये.

पीएंना एवढी मोकळीक अजून थोड्याच राज्यांत आहे. नॉर्थ डकोटाने २०१९ मध्ये लेखी कराराची सक्ती काढली. नावाचाही वाद आहे. 'असिस्टंट' म्हटलं की आपल्या घरांत कंपाउंडर डोळ्यांसमोर येतो (आणि 'नर्स' म्हटलं की काय येतं, ते सांगायला नको). पीएंच्या संघटनेने २०२१ मध्ये 'फिजिशियन असोसिएट' हे नाव स्वीकारलं, आणि ओरेगनने २०२४ मध्ये ते कायद्यात आणलं. मेडिकेअरचा दर मात्र दोघांना सारखाच: डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के.

भारतात शिकून आलेल्यांसाठी

महाराष्ट्रातून बीएस्सी नर्सिंग करून आलेल्यांनी पीएचा विचार करायची गरज फारशी नाही. पदवीचं मूल्यांकन, एनक्लेक्स, आरएन परवाना आणि मग एनपी अशी सरळ वाट आहे. जीएनएम (नर्सिंगची पदविका) केलेल्यांना मधे पदवीचा पूल बांधावा लागतो, आणि मूल्यांकनात प्रसूती, बालरोग किंवा मानसोपचाराचे तास कमी निघाले तर ते इथे भरून द्यावे लागतात. तिकडच्या कॉलेजने तासांचा तपशील विषयवार लिहून दिला नाही, तर सगळं काम त्या एका कागदासाठी अडतं.

एमबीबीएस, बीएचएमएस, बीएएमएस किंवा फिजिओथेरपी केलेल्यांना पीएची पॅन्से ही प्रमाणपत्र परीक्षा सरळ देता येत नाही. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त पीए अभ्यासक्रमाची पदवीच लागते. भारतातली फिजिशियन असिस्टंटची पदवीही चालत नाही. यांच्यासाठी दोन हिशेब मांडून बघावेत: आधीच्या पदवीवर १२ ते १८ महिन्यांचं जलद बीएस्सी नर्सिंग, मग नोकरी करत एनपी, किंवा अमेरिकेत राहिलेले विषय आणि रुग्णसेवेचे तास जमवून पीए. एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या) व्हिसावर शिकता येतं, पण ईएडी हा कामाचा परवाना नसेल तर पगारी काम करता येत नाही, म्हणजे पीएसाठीचे तास जमवणंच अवघड. ग्रीन कार्डाशिवाय सरकारी कर्जही नाही. अशा वेळी नर्सिंगमधून जाणारी लांब वाट आधी सुरू करता येते. मात्र त्यातही पदवीनंतर आरएन म्हणून कामाला लागेपर्यंत ईएडी हातात आलेला हवा, कारण एच-१बी व्हिसा साध्या आरएनच्या जागेसाठी सहसा मिळत नाही. तो एनपी किंवा पीए झाल्यावर मिळू शकतो.