नॅशनल परमिटचं ऑनलाइन ऑथरायझेशन: कुठे सोपं, कुठे अडतं

परिवहन पोर्टलवर ट्रकमालकांसाठी असलेल्या सेवांत नॅशनल परमिटचं, म्हणजे देशभर माल वाहण्याच्या परवान्याचं, दरवर्षीचं ऑथरायझेशन (मंजुरीपत्र) ऑनलाइन काढून देणारी ही सेवा सगळ्यात कामाची. पाचपैकी चार गुण. 2010 च्या आधी आपलं राज्य धरून निदान चार राज्यं निवडावी लागत आणि राज्यागणिक वेगळे बँक ड्राफ्ट काढावे लागत. आता वर्षाला 16,500 रुपये एकत्रित शुल्क आणि 1,000 रुपये ऑथरायझेशन फी भरली की गाडी देशभर चालते. पैसे केंद्र गोळा करतं आणि राज्यांना वाटून देतं.

एक गुण कापला तो केंद्र आणि राज्य यांच्या सांध्यावर. मोटार वाहनं घटनेच्या समवर्ती सूचीत येतात, गाडीवरचा कर मात्र राज्य सूचीत. मूळ परमिट पाच वर्षांचं, ते आपला आरटीओच देतो. ऑनलाइन दरवर्षी निघतं ते फक्त फॉर्म 47 मधलं ऑथरायझेशन. म्हणून पैसे भरण्याआधी ‘वाहन’ या गाड्यांच्या नोंदींच्या सरकारी प्रणालीवर पासिंग (फिटनेस), विमा, टॅक्स, पीयूसी आणि परमिट या पाचही तारखा बघून घ्या. टॅक्सची पावती हातात आहे पण सिस्टीममध्ये नोंद नाही, असं असेल तर ती आरटीओतूनच चढवून घ्यावी लागते; पोर्टलवर कितीही वेळा अर्ज केला तरी उपयोग नाही. त्यासाठी पंधरा दिवस हातात ठेवा. खात्यातून पैसे गेले आणि प्रिंट आली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. आधी व्यवहाराची स्थिती तपासा.

गाडीचं वयही बघा. दोन ॲक्सलच्या गाडीला बारा वर्षांपर्यंतच नॅशनल परमिट मिळतं, साधारण मल्टि-ॲक्सलला (दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या गाडीला) पंधरा.

या शुल्कात सगळं येतं असं धरून भाडं ठरवलं तर हिशेब चुकतो. आपल्या राज्याचा टॅक्स वेगळा, टोल वेगळा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या आदेशाने दिल्लीत शिरताना लागू झालेला पर्यावरण भरपाई आकारही वेगळाच.

सगळ्यात जास्त घोळ रिटर्न भाड्यात होतो. पुण्याची गाडी बंगळुरूला रिकामी झाली की तिथून कोल्हापूरचा माल भरता येतो. बंगळुरू-हुबळी भरता येत नाही, हुबळी वाटेवरच असली तरी. दुसऱ्या राज्यातल्या दोन ठिकाणांमध्ये माल वाहायला या परमिटवर मनाई आहे, आणि तपासणीत बिल्टीवरची (मालाच्या पावतीवरची) दोन गावांची नावं वाचली की ते लगेच कळतं. परमिटची अट मोडली किंवा ऑथरायझेशन संपलेलं निघालं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192अ खाली 10,000 रुपये दंड आणि गाडी अडकते ती वेगळीच. भाडं घेण्याआधी ड्रायव्हरला हे सांगून ठेवा, आणि फॉर्म 47 ची प्रिंट केबिनमध्ये विम्याच्या कागदासोबत ठेवा.